वचनाला जागलेले पाद्री : फादर थॉमस स्टीफन्स

आपल्या धर्मग्रामाच्या जुबिलीच्या मंगल प्रसंगीं ही स्मरणिका धर्मबंधुभगिनींच्या हातीं देतांना प्रथम एका शब्दाचा अर्थ सांगावासा वाटतो. जुबिली हा शब्द मूळचा हिब्रू भाषेंतील आहे. योबेल म्हणजे मेंढ्याचें शिंग. दर पन्नासाव्या वर्षीं शिंग फुंकून इस्राएल राष्ट्रांत महोत्सव पुकारावा, विकली गेलेली जमीन मूळ कुळास परत मिळावी आणि कर्जापायीं दास झालेल्या बांधवानें मोकळें होऊन आपल्या घरीं जावें, अशी आज्ञा लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत आहे. तेव्हां जुबिली म्हणजे केवळ पताका आणि पंगती नव्हेत. परमेश्वरानें मनुष्याशीं केलेल्या कराराची आठवण करण्याची आणि आपल्या हातून मोडलेलें पुन्हां सांधण्याची ती वेळ होय.

हा करार ज्या दोन गुणांवर उभा आहे त्यांस हिब्रू शास्त्रांत हेसेद व एमुना अशीं नांवें आहेत. हेसेद म्हणजे न ढळणारी माया. समोरच्यानें पाठ फिरविली तरी जी आपला शब्द सोडीत नाहीं ती. एमुना म्हणजे निष्ठा, खरेपणा, पाय रोवून उभें राहणें. मिस्साबलिदानांत आपण ज्या शब्दानें प्रार्थना संपवितों तो आमेन हा शब्द ह्याच धातूपासून झालेला आहे. आमेन म्हणणारा मनुष्य मी ह्यावर उभा आहें, येथून हलणार नाहीं, असेंच म्हणत असतो. आपण दिवसांतून कितीदां तरी तो उच्चारितों. पण त्याचें वजन क्वचितच आपल्या ध्यानांत येतें.

हें वजन लोकांच्या ध्यानांत आणून देण्याचें काम परमेश्वरानें संदेष्ट्यांवर सोंपविलें होतें. संदेष्टा म्हणजे पंचांग उघडून पुढचें सांगणारा, अशी कित्येकांची समजूत असते. हिब्रू नाबी तसा नव्हता. देवाच्या वतीनें बोलणारा तो नाबी. आणि त्याच्या बोलण्याचा मुख्य विषय उद्यांचें भाकीत हा नसून आज मोडत असलेला करार हा असे. दावीद राजानें उरीयाची बायको घेतली व उरीयास मारविलें, तेव्हां नाथान संदेष्टा एका गरिबाच्या कोंकराची गोष्ट घेऊन त्याच राजापुढें उभा राहिला. आहाब राजानें नाबोथाचा वडिलोपार्जित द्राक्षमळा खोट्या साक्षीनें बळकाविला, तेव्हां एलीया त्याला त्या मळ्यांतच जाऊन भेटला. शेताच्या बांधासाठीं पिढ्यान्‌पिढ्या कचेरीच्या पायऱ्या झिजविणाऱ्या आपल्या परभणीच्या लोकांस ही गोष्ट निराळी समजावून सांगावी लागत नाहीं. होशेयानें सोडून गेलेल्या बायकोला परत घरांत घेतलें, आणि त्या आपल्या दुःखी संसारांतून परमेश्वराचें हेसेद लोकांस दाखविलें.

ह्या सर्वांत यिर्मयाची कथा हृदयाला फार लागते. सुमारे चाळीस वर्षें तो बोलत राहिला आणि चाळीस वर्षें त्याचें कोणीं ऐकलें नाहीं. त्याचे शब्द बारूखानें गुंडाळीवर लिहून घेतले. यहोयाकीम राजानें ती गुंडाळी चाकूनें कापून तुकड्यातुकड्यानें शेगडींत जाळली. यिर्मयानें तीच वचनें पुन्हां सांगितलीं, बारूखानें तीं पुन्हां लिहिलीं आणि त्यांत आणखी भर पडली. शत्रूनें यरुशलेमेस वेढा दिला असतां व सर्व जमीन जाणार हें उघड दिसत असतां ह्याच यिर्मयानें अनाथोथ गांवचें एक शेत रीतसर साक्षीदार बोलावून, चांदी तोलून विकत घेतलें. देव आपला शब्द पाळील, ह्या एका भरंवशावर केलेला तो व्यवहार होता.

हीं सर्व नांवें आज आपणांस ओळखीचीं आहेत. परंतु हिब्रू शास्त्राची ही सारी परंपरा मराठी मनुष्याला त्याच्याच ओवींत प्रथम कोणीं ऐकविली, हें आपल्यांतील पुष्कळांस ठाऊक नाहीं. ते होते फादर थॉमस स्टीफन्स. त्यांचें चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे. कारण संदेष्ट्यांविषयीं लिहितां लिहितां ह्या पुरुषानें स्वतःच्या आयुष्यांत एमुना कशी जपली, हें पाहण्याजोगें आहे.

स्टीफन्स यांचा जन्म सन १५४९ च्या सुमारास इंग्लंडांत विल्टशायर परगण्यांतील बुश्टन ह्या गांवीं झाला. वडील व्यापारी होते. त्या काळीं राणी एलिझाबेथ हिच्या राज्यांत काथलिक धर्म पाळणें गुन्हा ठरूं लागलें होतें. मिस्सा चोरून ऐकावी लागे आणि धर्मगुरूला आसरा देणाऱ्या मनुष्यालाही शिक्षेचें भय असे. अशा दिवसांत तरुण स्टीफन्स यांची थॉमस पाउंड नामक एका सधन गृहस्थाशीं मैत्री जडली. दोघांनीं मिळून रोमास जावें व येशूसंघांत प्रवेश घ्यावा, असा बेत ठरला. पण निघण्याच्या आधींच पाउंड पकडले गेले. स्टीफन्स एकटेच रोमास पोहोंचले व १५७५ सालीं येशूसंघांत दाखल झाले.

मागें राहिलेल्या मित्राला मात्र ते विसरले नाहींत. पाउंड यांस तुरुंगांत असतांनाच येशूसंघांत घ्यावें, म्हणून स्टीफन्स यांनीं वरिष्ठांकडे आग्रहाची विनंति चालविली, आणि १५७८ सालीं संघाच्या महाधिपतींनीं ती मान्य केली. पाउंड यांची पुढें सुमारें तीस वर्षें निरनिराळ्या बंदिशाळांत गेलीं. पण तीं त्यांनीं येशूसंघी म्हणून काढिलीं. दोघां मित्रांची पुन्हां भेट झाली नाहीं. एक तुरुंगांत आणि दुसरा सातासमुद्रांपलीकडे, अशा स्थितींत दोघेही दिलेल्या शब्दाला जागले.

ता. ४ एप्रिल १५७९ रोजीं स्टीफन्स लिस्बन बंदरांतून गलबतांत बसले व ता. २४ ऑक्टोबर रोजीं गोव्यास उतरले. साडेसहा महिन्यांहून अधिक चाललेल्या ह्या प्रवासाची हकीकत त्यांनीं नोव्हेंबरांत आपल्या वडिलांस लिहून कळविली. आफ्रिकेच्या टोंकाजवळचीं वादळें, हिरड्या सुजविणारा खलाशांचा रोग, समुद्रावरचे पक्षी व मासे हें सर्व त्यांत आहे. पुढें हॅक्लूट ह्या इंग्रज संग्राहकानें तें पत्र आपल्या प्रवासवर्णनांच्या ग्रंथांत छापिलें. भारतांत येऊन राहिलेल्या ज्या इंग्रजांची खात्रीची नोंद मिळते, त्यांत स्टीफन्स हे पहिले मानले जातात. त्यांच्यामागून त्यांचे देशबांधव व्यापारासाठीं आले आणि राज्य करून गेले. हा पहिला मात्र काखेला झोळी लावून आला आणि येथल्या मातींतच मिळून गेला.

१५८० सालीं गोव्यांत त्यांस गुरुदीक्षा मिळाली व साष्टी प्रांत हें त्यांचें कार्यक्षेत्र ठरलें. मडगांव, राचोल व आसपासच्या गांवांत त्यांनीं जवळजवळ चाळीस वर्षें धर्मगुरूचें काम केलें. लोक त्यांस पाद्री एस्तेव्हांव म्हणत. साष्टीच्या येशूसंघी विद्यालयाचे ते कांहीं काळ प्रमुखही होते. पण आजारी माणसाच्या खाटेशीं बसणें, पापनिवेदन ऐकणें, मुलांस धर्मप्रश्नोत्तरें पढविणें, हेंच त्यांचें रोजचें काम होतें. सुमारे तीस वर्षें मीही तेंच करीत आहें, म्हणून अनुभवानें सांगतों कीं ह्या कामांत मोठें असें कांहीं घडत नाहीं. पुन्हां पुन्हां तेंच करीत राहणें हाच त्यांतला कठीण भाग होय.

ह्या चरित्रांतील दुःखाची गोष्टही सांगितली पाहिजे. पोर्तुगीज राज्यकर्त्यांनीं साष्टींतील देवळें पाडलीं होतीं, हिंदूंचे धर्मविधि बंद केले होते आणि त्यांचे ग्रंथही काढून घेतले होते. लोकांच्या मनांत त्याचा संताप धुमसत होता. ता. १५ जुलै १५८३ रोजीं कुंकळ्ळी गांवीं त्याचा भडका उडाला, आणि फादर रूदोल्फ आक्वाव्हिवा व त्यांचे चार येशूसंघी सोबती, तसेच बरोबरचे कांहीं ख्रिस्ती लोक मारले गेले. ह्या पांच जणांस १८९३ सालीं ख्रिस्तसभेनें धन्यवादितांच्या पंक्तींत बसविलें. त्यांचे मृतदेह परत आणून विधिपूर्वक मूठमाती देण्याच्या कामांत स्टीफन्स होते. नंतर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं गांवच्या प्रमुखांस बोलणें करण्याच्या मिषानें बोलाविलें आणि ठार मारिलें. हीही गोष्ट तितकीच खरी आहे, आणि ती झांकून ठेवणें नाथान व एलीया यांचीं नांवें घेणाऱ्या आपणांस शोभणार नाहीं.

येथें मनांत एक प्रश्न उभा राहतो. संदेष्टे राजाला त्याचा अन्याय तोंडावर सांगत. ज्या राज्याच्या छत्राखालीं स्टीफन्स राहिले, त्या राज्यानें लोकांचे ग्रंथ हिरावले. गुंडाळी जाळणारा यहोयाकीम येथें ख्रिस्ती नांव धारण करून बसला होता. मग ह्या धर्मगुरूनें काय केलें? राजवाड्याच्या दारांत उभे ठाकणारे ते एलीया नव्हते. त्यांचा मार्ग बारूखाचा होता. त्यांनीं लेखणी हातीं घेतली.

आधीं त्यांनीं लोकांची भाषा आपलीशी केली. १५८३ च्या ऑक्टोबरांत भावाला लिहिलेल्या पत्रांत, ह्या देशांतील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांसारखी आहे, असें त्यांनीं नमूद केलें आहे. युरोपांतील पंडितांस ही गोष्ट उमगावयास त्यानंतर दोनशें वर्षें जावीं लागलीं. कोंकणी व मराठी ह्या दोन्ही भाषा ते शिकले. कोंकणींतील त्यांचें धर्मप्रश्नोत्तरांचें पुस्तक १६२२ सालीं व त्या भाषेचें व्याकरण १६४० सालीं राचोल येथें छापून निघालें; दोन्ही त्यांच्या मरणानंतर. तें व्याकरण कोंकणीचें पहिलें छापील व्याकरण होय.

परंतु त्यांचें जीवितकार्य म्हटलें तर तें ख्रिस्तपुराण. ह्या ग्रंथाच्या आरंभीं एक प्रसंग रंगविला आहे. साष्टींतील एक ब्राह्मण ख्रिस्ती पाद्रीबाबांकडे येऊन आपलें गाऱ्हाणें मांडतो. आमचीं जुनीं पुराणें बंद झालीं, आतां वेळ घालवावयास व मन रमवावयास आमच्याजवळ कांहीं उरलें नाहीं, तर त्यांच्या ठिकाणीं दुसरें एखादें पुराण आम्हांस करून द्यावें, असा त्याचा भाव आहे. हें गाऱ्हाणें स्टीफन्स यांनीं लपविलें नाहीं. ग्रंथाच्या उंबरठ्यावरच त्याला जागा दिली. ज्याचा ग्रंथ गेला त्याला त्याच्याच भाषेंत, त्याच्याच छंदांत नवा ग्रंथ बांधून देणें, हें त्यांनीं आपलें कर्तव्य मानिलें.

तो छंद ओवीचा. पैठणचे एकनाथमहाराज १५९९ पर्यंत हयात होते, म्हणजे ते स्टीफन्स यांच्याच काळचे. त्याच गोदावरीच्या कांठीं, खालच्या अंगास आपल्या जिल्ह्यांतलें गंगाखेड. संत जनाबाईचें जन्मस्थान म्हणून परंपरा त्याला ओळखते. आपल्या आयाबहिणी जात्यावर बसून जी ओवी म्हणत, तिचीच ग्रंथांतली मोठी बहीण ह्या इंग्रज पाद्रीनें साष्टींत बसून आपली केली. ग्रंथाच्या आरंभीं मराठी भाषेचें त्यांनीं केलेलें गौरवगान शाळेंतल्या मुलांच्याही परिचयाचें आहे. परमेश्वर, वैकुंठ असे लोकांच्या जिभेवरचे शब्द त्यांनीं टाकले नाहींत. त्यांतच नवा अर्थ ओतला.

सुमारे ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ सालीं राचोल येथें छापला गेला. पोर्तुगीज भाषेंत त्याला जें नांव दिलें त्याचा अर्थ, आपला तारणारा येशू ख्रिस्त ह्याच्या जगांतील आगमनाविषयीं निरूपण, असा होतो. ह्या नांवांतच ग्रंथाची रचना आहे. पहिल्या पुराणांत ३६ अवस्वर, म्हणजे अध्याय, व दुसऱ्यांत ५९. दुसरें पुराण प्रभूच्या चरित्राचें. पहिलें सगळें वाट पाहण्याचें. उत्पत्ति, आदाम-एवेचें पतन, जलप्रलय, आब्राहामाला दिलेलें वचन, मोशेनें लोकांस दास्यांतून सोडविणें, दावीदाचें राज्य आणि तारणाऱ्याची आशा जागी ठेवणारी संदेष्ट्यांची वाणी, असा तो ओघ आहे. नव्यानें ख्रिस्ती झालेल्यांस ख्रिस्तजन्मापासून आरंभ करून दिला असता तर चाललें नसतें काय? स्टीफन्स यांस तें पटलें नाहीं. परमेश्वरानें शेंकडों वर्षें आपला शब्द कसा राखला, मनुष्यानें तो कितीदां मोडला आणि संदेष्ट्यांनीं त्याला कसें परत बोलाविलें, हें ऐकल्यावांचून गोठ्यांतल्या बाळाचें मोल कळत नाहीं, हें ते जाणून होते. पहिलें पुराण म्हणजे मराठींतला एक दीर्घ आगमनकाळच होय.

एक इच्छा मात्र त्यांची अपुरी राहिली. हें पुस्तक रोमन अक्षरांत छापावें लागलें, कारण देशी लिपीचे खिळे गोव्यांत नव्हते. भारतांतला पहिला छापखाना गोव्यांतच १५५६ सालीं सुरू झाला होता. पण रोमन लिपीला चोवीस अक्षरांचे ठसे पुरत, तर येथल्या लिपीला जोडाक्षरांसह सुमारे सहाशें लागणार. १६०८ सालीं त्यांनीं येशूसंघाच्या महाधिपतींस पत्र लिहून, ह्या देशाच्या भाषेंत व ह्याच देशाच्या लिपींत पुस्तकें छापलेलीं पाहण्याची आपली आस कळविली. तें त्यांच्या डोळ्यांदेखत घडलें नाहीं. ग्रंथ छापल्यानंतर तीनच वर्षांनीं, १६१९ सालीं, साष्टीच्या ह्या वृद्ध सेवकानें देह ठेवला. मायदेश सोडल्यावर तो पुन्हां त्यांच्या दृष्टीस पडला नाहीं.

त्यांच्या स्वभावाचें एक चित्र येथें देतों. १५८३ सालीं फिच, न्यूबेरी वगैरे चार इंग्रज व्यापारी हेर समजून गोव्याच्या तुरुंगांत टाकले गेले. ज्या राणीच्या राज्यांत स्टीफन्स यांचा जिवलग मित्र धर्मासाठीं कैदेंत पडला होता, तिचेच ते प्रजाजन. सूड म्हणून नव्हे, पण दुर्लक्ष म्हणून गप्प बसणें किती सोपें होतें! तसें न करतां स्टीफन्स यांनीं खटपट केली व ते लोक जामिनावर सुटले. हेसेद म्हणतात तें हेंच.

त्यांच्या पश्चात्‌ ग्रंथाचें काय झालें तें ऐकण्यासारखें आहे. १६४९ व १६५४ सालीं तो पुन्हां छापला गेला. पण १६८४ सालीं पोर्तुगीज व्हाइसरॉयानें हुकूम काढिला कीं तीन वर्षांच्या आंत लोकांनीं आपली बोली सोडून पोर्तुगीज भाषा बोलावी. ह्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. तरी ग्रंथ मेला नाहीं. गोव्याहून कानडी मुलखांत गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं तो हातानें उतरून ठेविला, घरांत वाचला, पोराबाळांस ऐकविला. अशा हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें तो प्रसिद्ध केला. पुढें लंडनच्या मार्सडेन संग्रहांत त्याची एक देवनागरी प्रतही सांपडली. १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांनीं पुण्याहून देवनागरींत आवृत्ति काढिली, १९९६ सालीं येशूसंघाचे फादर कारिदाद द्रागो यांनीं व २००९ सालीं सालेशियन फादर नेल्सन फाल्काव यांनीं. म्हणजे १६०८ मध्यें व्यक्त केलेली इच्छा साडेतीनशें वर्षांनीं पूर्ण झाली. वेढ्यांत घेतलेलें अनाथोथचें शेत अखेर पिकलें.

राजानें गुंडाळी जाळावी आणि कोणी तरी ती पुन्हां लिहावी, हा क्रम यिर्मयाच्या काळापासून चालत आला आहे. लिहिणाऱ्यांचीं नांवें बहुधा कोणास ठाऊक नसतात. ख्रिस्तपुराणाच्या प्रती दिव्याच्या उजेडांत उतरून काढणाऱ्या त्या गृहस्थांचीं व त्या वाचून घेणाऱ्या बायकांचीं नांवें कोण सांगेल? पण ती निष्ठा नसती तर स्टीफन्स यांचें चाळीस वर्षांचें तप वाळवींत गेलें असतें. आपल्या धर्मग्रामाचा इतिहासही असाच आहे. दुष्काळांत, रोगराईंत, मैलोन्‌मैल पायीं चालत उपासनेला आलेल्या आजोबांनीं व आजींनीं जी माळ जपली, तीच आज आपल्या हातांत आहे.

तेव्हां ह्या जुबिलीच्या वर्षीं प्रत्येक घराला माझी एक विनंति आहे. येत्या आगमनकाळांत जुन्या करारांतील एका संदेष्ट्याचें पुस्तक घरांत मोठ्यानें वाचावें आणि जमल्यास पहिल्या पुराणांतला एखादा अवस्वर सुरावर म्हणावा. आणि तें शिंग आपल्याही दारांत फुंकलें गेलें आहे हें ध्यानांत धरून, भावाचा दाबलेला बांध, गड्याची राहिलेली मजुरी, सुनेला बोललेला कठोर शब्द, असें जें कांहीं परत करावयाचें असेल तें परत करावें. मग वेदीपुढें उभे राहून आपण जेव्हां आमेन म्हणूं, तेव्हां त्या शब्दाला त्याचा मूळचा हिब्रू अर्थ प्राप्त होईल. फादर स्टीफन्स यांचा आत्मा प्रभूच्या ठायीं विसावो, आणि त्यांची निष्ठा आपल्या मुलाबाळांत उतरो. आमेन.